निधी द्या, पण त्याआधी तुमच्या माणसांचे तास द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिंचोळी एमआयडीसीतली तुमची कंपनी यंदा सीएसआरमधून, म्हणजे कायद्यानं समाजकामासाठी काढायच्या पैशातून, साधारण १२ लाख रुपये तरुणांच्या संवादकौशल्यावर खर्च करणार आहे. एका संस्थेनं प्रस्ताव दिलाय: ५०० विद्यार्थी, दोन दिवस, मोठं सभागृह, बाहेरून नामवंत वक्ता, प्रत्येकाला बॅग, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र. डायरेक्टरसाहेबांना तो आवडलाय, तुम्हाला मात्र कुठंतरी खटकतंय. यापेक्षा वेगळं काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. गेली अठरा वर्षं मी सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत आयटीआय, डिप्लोमा आणि कॉलेजच्या मुलामुलींबरोबर हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक साधा हिशेब करू. दोन दिवस, रोज सहा तास, म्हणजे ७२० मिनिटं. वक्ता एक शब्दही बोलला नाही आणि सगळा वेळ मुलांना दिला, तरी ५०० जणांत प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिटसुद्धा येत नाही. प्रत्यक्षात वक्ताच बोलतो. आता वीसजणांचा गट धरा. आठवड्यातून एकदा दोन तास, असे २४ आठवडे. त्यातला निम्मा वेळ जरी जोडीजोडीनं बोलण्यात गेला, तरी एक बोलतोय आणि दुसरा ऐकतोय, असं करत प्रत्येकाला ७२० मिनिटं बोलायला मिळतात आणि तेवढीच ऐकायला. पोहणं काठावर बसून येत नाही, हे आपण पोरांना सांगतो आणि बोलण्याच्या बाबतीत त्यांना काठावरच बसवतो.

हे मी दुसऱ्यावर टीका म्हणून लिहीत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका कंपनीच्या पैशातून मी स्वतः असं शिबिर घेतलंय. चारशे मुलं, टाळ्या, फोटो. सहा-सात महिन्यांनी एका पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या मुलानं मला ओळखलं. म्हणाला, "सर, तुम्ही लय भारी बोलला होता." मी विचारलं, मग तुला काय उपयोग झाला? तो गप्प झाला, मान खाली घातली आणि नोझल परत जागेवर लावला. त्या दोन दिवसांत मी बोललो होतो, तो बोलला नव्हता. त्या दिवसानंतर सभागृहातलं काम मी घेतलं नाही.

मुळात आपली मुलं बोलण्यात कमी पडतात म्हणजे काय, हे तुमच्या साहेबांसमोर स्पष्ट मांडा. सोलापूरच्या पोरांना भाषा येत नाहीत असं म्हणणं धादांत चूक आहे. शहराच्या पूर्व भागातला मुलगा घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, दुकानात हिंदी. अक्कलकोटकडची मुलगी कन्नड आणि मराठी यांत एका वाक्यात तीन वेळा ये-जा करते. माझ्या एका गटात विडी कामगाराची मुलगी होती. पहिले चार आठवडे ती तोंडच उघडत नव्हती. मग एकदा विषय निघाला, घरचं बँकेचं काम कोण बघतं? ती म्हणाली, "मीच. आईला मराठी नीट येत नाही. मी पाचवीपासून तिच्याबरोबर जाते." बँकेतला माणूस काय म्हणतो ते आईला तेलुगूत सांगायचं, आईचं म्हणणं मराठीत मांडायचं, आई चिडली असेल तर तो राग गाळून मुद्दा तेवढा पुढं द्यायचा, हे ती दहा वर्षांची असल्यापासून करत आली होती. हे कौशल्य आहे, असं तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. बायोडेटात तिनं लिहिलं होतं: 'छंद: वाचन, गाणी ऐकणे'.

तर भाषेचा तुटवडा नाही. सवय नाही ती अनोळखी माणसाशी, वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या माणसाशी, टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायची. घरात वडिलांसमोर गप्प, वर्गात सरांसमोर गप्प, आणि एकदम मुलाखतीत 'बोल' म्हटल्यावर पाठ केलेलं 'माय सेल्फ' सुरू होतं. यंत्रमाग असलेल्या घरातल्या एका मुलाची सराव मुलाखत मला अजून आठवते. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्याबरोबर त्यानं चार वाक्यं एका दमात म्हटली आणि पाचव्याला अडकला. कपाळावर घाम. मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि विचारलं, घरी लूम आहे ना? चालता चालता बंद पडला तर काय करतोस? पोरगा खुर्चीच्या टोकावर आला. आधी ताण्याची तार तुटली का बघायची, मग आडव्या सुताची कांडी संपली का, मग ती नेणारा धोटा कुठं अडकलाय ते. कधी जॉबरला, म्हणजे लूमच्या मिस्त्रीला, बोलवायचं, कधी नाही, हे त्यानं हातवाऱ्यांसकट पाच मिनिटं सांगितलं. क्रम बरोबर, कारणं बरोबर, कुठं थांबायचं तेही बरोबर. कंपनीला जे 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' हवं असतं, ते हेच. फक्त त्याला तो प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

असा प्रश्न विचारणारा माणूस तुमच्याकडं आहे. माझ्याकडं नाही, आणि त्या वक्त्याकडं तर नाहीच. तुमचा शिफ्ट सुपरवायझर, स्टोअरकीपर, डिस्पॅचचा क्लार्क, क्वालिटीतली इंजिनिअर आणि गेटवरचा सिक्युरिटीवाला रोज कामाचं बोलतात. कुठल्या वाक्यानं काम अडतं आणि कुठल्यानं सुटतं, हे त्यांना माहीत असतं. म्हणून कंपनीची खरी मदत म्हणजे या माणसांचे तास, आणि निधी त्याच्या मागोमाग येतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथं एक अडचण येते, ती आधीच सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं तुम्ही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करता. तुमचे १२ लाख म्हणजे सरासरी नफा ६ कोटींच्या घरात असणार. त्याच कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्यं आहेत, त्यामुळं विषय कायद्यात बसतो. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कर्मचाऱ्यांना सहभागी करून घ्या असं कंपनी व्यवहार मंत्रालय म्हणतं, त्याचे पैसे मात्र धरू देत नाही. त्यामुळं अनेक कंपन्या हा भाग सोडूनच देतात. ताळेबंदात दिसत नाही, मग कशाला, असं म्हणतात. मी म्हणेन, तुमच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. महिन्याला बारा जणांचे दोन-दोन तास म्हणजे २४ तास. साहेबांकडून आधी एवढं मंजूर करून घ्या, तेही लेखी आणि कामाच्या वेळेत. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर पहिल्या महिन्यात बाराजण येतील, तिसऱ्या महिन्यात तीन.

कायद्याचं बाकीचं पटकन सांगतो. तुमची वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांच्या आत असल्यानं वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळच ते काम बघतं. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वर्ग घेतला तर तो सीएसआरमध्ये धरत नाहीत. कंपनीच्या जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्वही धरत नाहीत, म्हणून लोगोच्या टी-शर्टवर आणि फ्लेक्सवर भर नको. मॅरेथॉन, पुरस्कार असल्या एकवेळच्या कार्यक्रमांबद्दल २०१४ सालीच खुलासा झालाय की ते चालत नाहीत, काम प्रकल्प म्हणून उभं राहायला हवं. दोन दिवसांच्या शिबिराला कुणी यावर बोट ठेवलं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. काम संस्थेमार्फत करणार असाल, तर तिची मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, आयकर खात्याकडच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव तपासा. कागद बघून झाल्यावर मात्र एक गोष्ट नक्की करा. न कळवता त्यांच्या चालू वर्गात जाऊन मागं बसा. अर्ध्या तासात कोण किती बोलतं ते घड्याळ लावून मोजा. शिकवणारा निम्म्याहून जास्त वेळ बोलत असेल, तर ती संस्था सोडून द्या. प्रस्ताव मांडायला एक आणि शिकवायला दुसराच, हेही सर्रास चालतं. शिकवणाऱ्यालाच भेटायचंय, असा आग्रह धरा.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचं. सुरुवात मराठीतून, किंवा ज्याची जी घरची भाषा असेल तिच्यातून. जे विचार करून मराठीत तीन वाक्यांत सांगता येत नाही, ते इंग्रजीत कसं येणार? पहिल्या आठवड्यांत मी एक खेळ घेतो. दोघांना पाठीला पाठ लावून बसवायचं. एकाच्या हातात एखाद्या भागाचं साधं चित्र, समजा दोन भोकं आणि एक खाच असलेली पट्टी. त्यानं वर्णन करायचं, दुसऱ्यानं न बघता काढायचं. पहिल्यांदा ऐकू येतं ते असं: "तिकडं एक गोल काढ. अरे तिकडं नाही, इकडं. त्याच्या बाजूला तसलंच दुसरं. आता ते हे कर." चित्र भलतंच निघतं, दोघं हसतात, आणि मग मी फळ्यावर चार शब्द लिहितो: इकडं, तिकडं, तसलं, हे. पुढच्या फेरीत हे चार शब्द वापरायचे नाहीत. मग डावीकडून किती, वरून किती, केवढं मोठं, हे शब्द आपोआप येतात. तुमच्या शॉप फ्लोअरवर 'ते हे लावून ठेव' यातून किती माल फुकट गेलाय, हे तुमच्या सुपरवायझरला विचारा. या खेळासाठी त्यालाच बोलवा आणि तुमच्याकडच्या खऱ्या भागांची चित्रं वापरा.

पुढचे सरावही कामातलेच असू देत. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून गाडी का आली नाही विचारायचं आणि भांडण न करता नवी वेळ मिळवायची. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला तीन गोष्टी सांगायच्या: काय झालं, काय राहिलं, कशाकडं लक्ष ठेवायचं. माझ्या हातून चूक झाली, हे चूक झाली त्याच दिवशी सांगायचं. आणि सगळ्यात अवघड, 'साहेब, मला समजलं नाही, परत सांगा' हे वाक्य. हे वाक्य न म्हणता आल्यामुळं पहिल्या महिन्यात नोकरी सोडून आलेली किती तरी मुलं मी पाहिलीत. पुण्याला गेली, चाकणला लागली, पंधरा दिवसांत परत. आईबापाला सांगतात, हवा मानवली नाही. यासाठी तुमच्याकडचे कोरे गेटपास, चलन, जॉब कार्ड द्या. ते छापायला काही खर्च नाही, पण मुलांच्या हातात खरा कागद आला की आवाज बदलतो.

इंग्रजीचं काय, हे साहेब विचारणारच, आणि पालक तर आधी तेच विचारतात. इंग्रजी लागतं, यात वाद नाही. ड्रॉइंगवरच्या नोंदी, सुरक्षेच्या सूचना, चार ओळींचा ईमेल आणि मुलाखतीची पहिली दोन मिनिटं, एवढं कामाचं इंग्रजी आठव्या-नवव्या आठवड्यापासून सुरू करा. जी गोष्ट मराठीत नीट सांगून झालीय तीच इंग्रजीत सांगायची, नवी नाही. लूम बंद पडल्याची गोष्ट त्या मुलानं नंतर इंग्रजीत सांगितली, व्याकरणाच्या सात-आठ चुका करून, पण न थांबता. याच गावात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि जखमी सैनिकांत राहून तिथली भाषा शिकले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी, आता तिथं स्मारक आहे, मी प्रत्येक गटाला एकदा घेऊन जातो. भाषा कामातून येते, हे तिथं मला वेगळं सांगावं लागत नाही.

बोलीबद्दल मी हट्टी आहे. 'करायलोय', 'जायलोय' असं आपली मुलं बोलतात. पुण्यात त्यावर कुणी हसलं की पोरगं महिनाभर तोंड बंद करून बसतं. प्रशिक्षकानं ही बोली पुसायच्या भानगडीत पडू नये. कार्यालयात लिहायची मराठी वेगळी, ती शिकवावी. पण उच्चारांना हसणारा प्रशिक्षक पहिल्याच दिवशी बदलावा.

मुलींचा वेगळा विचार करावा लागतो, आणि तो वेळापत्रकापासूनच. वर्ग पाचच्या आत सुटायला हवा. चिंचोळीला वर्ग ठेवलात तर शहरातल्या मुली येणार नाहीत, सिटी बसच्या भरवशावर तर नाहीच. कुंभारीच्या रे नगरात हजारो कामगार कुटुंबं राहायला गेली आहेत, तिथल्या मुलींसाठी तिथंच जागा बघा. मिश्र गटात मुलगे वेळ खातात, म्हणून पहिले सहा आठवडे मुलींच्या जोड्या मुलींशीच लावा. तुमच्या कंपनीतली एखादी बाई, मग ती अकाउंट्समधली असो की लाइनवरची, दर महिन्याला येईल असं बघा. आणि पहिल्या महिन्यात एकदा आयांना बोलवा. आईनं एक वर्ग डोळ्यानं पाहिला की पुढचे पाच महिने मुलीला कुणी अडवत नाही, हा माझा अनुभव आहे.

वर्षाची आखणी करताना सोलापूरचं कॅलेंडर समोर ठेवा. बहुतेक कंपन्यांना फेब्रुवारीत आठवण येते की मार्चअखेर आली आणि पैसे पडून आहेत. तेव्हा कॉलेजात परीक्षेचे दिवस असतात. आषाढीच्या गडबडीनंतर, जुलैअखेर सुरू करा. दिवाळीची सुट्टी सोडा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत उपस्थिती पडणारच, कारण निम्मी मुलं गड्ड्यावर, म्हणजे यात्रेतल्या जत्रेत, स्टॉलवर कामाला असतात. ते आठवडे वाया घालवू नका. तिथल्याच दुकानदारांशी बोलून धंद्याची माहिती काढून आणायला सांगा. अनोळखी माणसाशी बोलण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. काम मार्चच्या पुढं जाणार असेल, तर संचालक मंडळाच्या ठरावात ते चालू प्रकल्प म्हणून घ्या. उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकली की ती पुढं वापरता येते, मार्चमध्ये उधळायची गरज पडत नाही.

१२ लाखांत १२० मुलं, म्हणजे सहा गट होतात. माझा अंदाज असा: दोन प्रशिक्षकांचं आठ महिन्यांचं मानधन, दरमहा २८,००० धरून, ४ लाख ४८ हजार. अर्धवेळ समन्वयक ९६ हजार. मुलांचं येण्याजाण्याचं भाडं, फेरीला ४० रुपये धरून, १ लाख १५ हजार, आणि चहा-नाश्ता ७२ हजार. छपाई आणि रेकॉर्डिंग ५० हजार, बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन ६० हजार. हे ८ लाख ४१ हजार झाले. जागा कॉलेज किंवा आयटीआय देतं, ती विकत घेऊ नका. उरलेल्या साडेतीन लाखांत शेवटच्या महिन्यात मुलांना लहान-मोठ्या उद्योगांत, दुकानांत, दवाखान्यांत प्रत्यक्ष काम करायला पाठवा आणि प्रत्येकी ३,००० च्या आसपास मानधन द्या. भाडं आणि नाश्ता ही कलमं साहेब कापायला निघतील. त्याऐवजी प्रशिक्षकाचे पाच हजार कमी करा, पण ही ठेवा. सकाळी घरातलं आवरून, एक फेरी कामाची करून, उपाशी आलेलं पोर दुपारी तीनला कसलं बोलणार?

मोजमाप साधं ठेवा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं तीन मिनिटांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, शेवटच्या आठवड्यात परत, त्याच विषयावर. दोन्ही रेकॉर्डिंग अशा माणसाला ऐकवा ज्याला आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे माहीत नाही. त्याला एकच काम: ऐकलेलं परत सांग. त्याला जेवढं नीट सांगता आलं, तेवढं मूल बोलायला शिकलं. उच्चार, ऐट, टाय यांना गुण नाहीत. नोकऱ्या किती लागल्या हा आकडा संस्थेकडून मागू नका, त्या आकड्यापायी खोटी पत्रं तयार होतात. त्यापेक्षा सहा महिन्यांनी तुमच्याच ऑफिसातून १२० फोन करा. मुलं फोनवर कशी बोलतात, ते तुम्हाला स्वतःला ऐकू येईल.

साहेबांना उद्घाटनाचं भाषण करायचं असेल तर नाही म्हणू नका, पण त्यांना पहिल्या दिवसाऐवजी दहाव्या आठवड्यात बोलवा. माईक ठेवू नका, गोलात वीस मुलांच्या मधली एक खुर्ची द्या. मुलांना आधीच सांगून ठेवा की त्यांना हवं ते विचारायचं. आणि पहिला प्रश्न त्या विडी कामगाराच्या मुलीसारख्या कुणाला तरी विचारू द्या. आमच्या गटात असे एक साहेब आले होते, तेव्हा तिनं त्यांना विचारलं होतं, "सर, तुम्ही मुलाखतीत नाही म्हणता तेव्हा कारण का सांगत नाही?" ते बराच वेळ विचार करत होते, आणि पोरं शांतपणे उत्तराची वाट बघत होती.